ब्राइटनेस ‘नेहमी कमी ठेवा’ असं सरसकट छापू नका

महोदय,

आपल्या पुरवणीत मागच्या आठवड्यात मोबाइल आणि डोळ्यांवर लेख आला होता. लेखाशी माझं फारसं भांडण नाही, पण त्यातल्या चौकटीत ठळक अक्षरांत ‘स्क्रीनचा ब्राइटनेस नेहमी कमीत कमी ठेवा’ असं छापलं होतं, तेवढ्यासाठी हे पत्र. औशाला बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आपला पेपर शेजारच्या चहाच्या टपरीवर येतो आणि दुपारपर्यंत त्याची घडी पार मऊ होते, इतके लोक तो वाचतात. त्यामुळे चौकटीचा परिणाम मला लगेच दिसला. “मालक, डिस्प्ले बसला बघा, उन्हात कायबी दिसंना,” म्हणत एकेक जण यायला लागला. फोन हातात घेऊन वरून पडदा खाली ओढला की सूर्याचं चित्र असलेली पट्टी डाव्या टोकाला. काय केलं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं: “पेपरात आलंय की, कमी ठेवा म्हणून.”

घरात खुर्चीवर बसून फोन बघणाऱ्याला हा सल्ला चालून जाईल. आमच्याकडे फोन हे शेतातलं अवजार झालंय. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतःच्या गटात उभं राहायचं, ॲप उघडायचं, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. मग ती नोंद सातबाऱ्यावर जाते. खरिपाची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात. पावसानं उघडीप दिली की माणूस सोयाबीनमध्ये शिरतो, आणि नेमकं तेव्हाच धुतल्यासारखं लख्ख ऊन पडलेलं असतं. भोवतालचा प्रकाश लक्स या मापात मोजतात. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. ट्यूबलाइट लावलेल्या ऑफिसात तो तीनशे ते पाचशे. म्हणजे फरक दोनशे-तीनशे पटींचा! स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. साध्या, स्वस्तातल्या एलसीडी फोनचा उजेड पट्टी उजव्या टोकाला नेली तरी चार-पाचशे निट्सच्या पुढे फारसा जात नाही. पूर्ण ब्राइटनेसवरही उन्हात तो जेमतेम वाचता येतो. तो कमीत कमी ठेवल्यावर शेतकऱ्याला स्क्रीनवर स्वतःचं तोंडच दिसणार. मग अंदाजानं बोट दाबायचं आणि सोयाबीनच्या जागी तूर निवडली जायची.

ड्रायव्हरला कुणी ‘कायम डिपरवर चालव’ असं सांगतं का? समोरून गाडी आली की डिपर, मोकळ्या रस्त्यावर अप्पर. ब्राइटनेसचं तसंच आहे. भोवती जेवढा उजेड, त्याला धरून स्क्रीनचा उजेड हवा.

हे काम फोन आपण होऊन करतो, त्याला ऑटो किंवा ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस म्हणतात. आमच्या भागात ते बंद करून ठेवायची पद्धत पडलीय, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की त्यानं बॅटरी खाते. आता गंमत अशी की बऱ्याच फोनांत उन्हासाठीचा जादाचा उजेड ऑटो चालू असेल तरच मिळतो. हातानं पट्टी टोकाला नेली तरी फोन तिथपर्यंत जात नाही. आणखी एक. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय तुमच्या सवयीवरून शिकते. अंधारात तुम्ही चार वेळा पट्टी खाली ओढली की पुढं ती आपणच कमी ठेवते. त्यामुळे ऑटो चालू केल्यावर पहिले काही दिवस धीर धरावा, जिथं नको वाटेल तिथं पट्टी हलवून फोनला सांगावं. लगेच बंद करून ‘हे काही कामाचं नाही’ म्हणू नये.

परवा एक मामा आले. ऑटो चालू, तरी स्क्रीन अंधारी. त्यांच्या फोनवर जत्रेत बसवलेली काच होती, म्हणजे स्क्रीन वाचवायला वरून चिकटवतात ती, काळ्या काठाची, थोडी तिरकी बसलेली. मी फोन ट्यूबलाइटखाली धरला आणि त्यांना म्हटलं, “मामा, पट्टीकडं बघा.” मग वर, कानाला लावायच्या जाळीशेजारी अंगठा ठेवला. पट्टीत काही फरक नाही. बॅटरीचा झोत तिथं मारला, तरी पट्टी ढिम्म. सुरीच्या टोकानं काच काढली आणि परत झोत मारला, तशी पट्टी सरसर उजवीकडं गेली. उजेड मोजणारा सेन्सर त्या कोपऱ्यात असतो, काचेचा काळा काठ बरोबर त्याच्यावर आला होता. फोनला वाटत होतं की आपण खिशातच आहोत. मामा म्हणाले, “म्हंजे झापड लावली होती की बैलाला!” नवी काच लावून दिली, काम झालं. बाहेर त्यांना डिस्प्लेचा भाव सांगून झाला होता.

हा अंगठ्याचा प्रयोग कुणालाही घरी करता येतो. पट्टी हललीच नाही तर आधी काच आणि कव्हर काढून बघा. अगदी स्वस्त फोनांत मात्र हा सेन्सर मुळातच नसतो. तिथं कंपनीनं कधी कधी ‘आउटडोअर’ नावाचं बटण दिलेलं असतं, ते दाबलं की पंधरा मिनिटं उजेड पूर्ण वाढून राहतो. पीक पाहणीला तेवढा वेळ पुरतो. शेजारच्याला दिसू नये म्हणून पोरं जी प्रायव्हसी काच लावतात, तीही उजेड खाते. ती लावून उन्हात वाचायला जाऊ नये.

उन्हाळ्यातली तक्रार वेगळी. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नाहीतर मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेला. पट्टी टोकाला, ऑटो चालू, काच बरोबर, तरी स्क्रीन आपोआप मंद होत जाते. हा बिघाड नव्हे. आतला ताप वाढला की फोन स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो. ॲपल तर आपल्या आयफोनसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगतं, म्हणजे आमचा अर्धा उन्हाळा त्यांच्या हिशेबाबाहेर. फोन सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जिंग चालू असेल तर बंद करा, थोड्या वेळानं उजेड परत येतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी सुटतं. तसे फोनही माझ्याकडं येतात आणि त्यांचं मग खरंच काही खरं नसतं.

बॅटरी वाचवायची म्हणून डार्क मोड, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं, लावणाऱ्यांसाठी दोन शब्द. अमोलेड स्क्रीनवर काळ्या भागातले दिवेच बंद होतात, म्हणून बचत होते. एलसीडीला मागून दिवा सतत जळत असतो, वर काळं दिसलं काय नि पांढरं दिसलं काय, खर्च जवळपास तेवढाच. अमोलेडवरची बचतही बरीचशी ब्राइटनेसवर ठरते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजून दाखवलं होतं की तीस ते पन्नास टक्के ब्राइटनेसवर डार्क मोडनं सरासरी तीन ते नऊ टक्केच वीज वाचते, पूर्ण ब्राइटनेसवर मात्र एकोणचाळीस ते सत्तेचाळीस टक्के. पण पूर्ण ब्राइटनेस लागतो उन्हात, आणि उन्हात काळ्या स्क्रीनवरची पांढरी अक्षरं वाचायला जास्त त्रास होतो. शेतात पांढरी थीम, रात्री अंथरुणात काळी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता ज्याचा मला राग येतो ते लिहितो. आमच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन रोज रात्री कृष्णधवल व्हायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात त्यांना कॉम्बो बदलायला सांगितलं, म्हणजे टच आणि डिस्प्ले दोन्ही. गुरुजींनी पैसे मोजले आणि त्या रात्री फोन परत कृष्णधवल. नातवानं खेळता खेळता बेडटाइम मोड लावला होता, त्यात ठरलेल्या वेळेला रंग जातात. एक टिक काढली, रंग आले. शिवाय गुरुजींच्या फोनला स्क्रीनवरच अंगठा उमटवून उघडायची सोय होती, ती नव्या कॉम्बोनंतर बंद पडली. ती सहसा अमोलेडवरच चालते. तिथं स्वस्तातली एलसीडी बसवली की अंगठा चालत नाही आणि उजेडही पहिल्यासारखा राहत नाही. डिस्प्ले बदलून घेतल्यावर अंगठा घेत नसेल तर दुकानदाराला तिथल्या तिथं विचारा, काय बसवलंय म्हणून. रंग उलटे दिसणं, तीनदा टॅप केल्यावर स्क्रीन भिंगाखाली धरल्यासारखी मोठी होणं, हेही सेटिंगचेच खेळ. ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन बंद करता येतात. माझ्याच धंद्यातले लोक यावर नाराज होतील, होऊ देत.

डोळ्यांचं म्हणाल तर मी डॉक्टर नाही. पण लेखात निळ्या प्रकाशापासून वाचवणाऱ्या चष्म्याची भलामण होती, म्हणून सांगतो. २०२३ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं सतरा चाचण्या एकत्र तपासल्या आणि असल्या काचांनी डोळ्यांचा शीण, निदान थोड्या काळापुरता तरी, बहुधा कमी होत नाही असं म्हटलं. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही या काचांची शिफारस करत नाही. स्क्रीनकडं टक लावून बघताना पापणी कमी मिटते आणि डोळे कोरडे पडतात, ही माहिती चौकटीत असायला हवी होती. रात्री अंधारात पट्टी डाव्या टोकाला नेऊनही उजेड टोचतो, अशांसाठी अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, ‘एक्स्ट्रा डिम’ ही सोय आहे, आयफोनमध्ये ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आहे. उजेड कमी करायचा सल्ला द्यायचाच तर तो रात्रीपुरता द्या आणि सोबत हे बटण कुठं आहे ते छापा. एक्स्ट्रा डिम सकाळी काढायचं विसरलं की दुसऱ्या दिवशी तोच माणूस ‘डिस्प्ले गेला’ म्हणत माझ्याकडं येतो, हेही छापा. दिवसाच्या उन्हासाठी वेगळी चौकट हवी, तेवढ्याच ठळक अक्षरांत.

शेवटची सूचना पीक पाहणीचं ॲप सांभाळणाऱ्यांना आहे, आपल्या पेपरातून ती त्यांच्यापर्यंत पोचेल म्हणून इथं लिहितो. अँड्रॉइडवर कुठल्याही ॲपला स्वतःच्या स्क्रीनपुरता ब्राइटनेस वाढवता येतो. त्याला शेतकऱ्याकडून वेगळी परवानगी मागावी लागत नाही, आणि ॲपमधून बाहेर पडलं की फोन आपल्या जुन्या उजेडावर जातो. पैसे घ्यायचा क्यूआर दाखवताना काही ॲप हेच करतात. ई-पीक पाहणीत गट क्रमांक टाकून पुढं गेलं की फोटो होईपर्यंत उजेड आपोआप पूर्ण करावा, आणि ती पानं पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ठसठशीत काळ्या अक्षरांत ठेवावीत. पिकांच्या यादीत नावाशेजारी मोठं चित्र दिलं तर चष्मा घरी विसरलेल्यालाही निवडता येईल. हे खरिपाची पाहणी उघडण्याआधी व्हावं. एकदा पाहणी सुरू झाली की लोक बांधावरून फोन करून विचारतात, “आता कुठलं बटण दाबू?”, आणि त्यांना स्क्रीनवर काय दिसतंय ते मला दुकानात बसून कळत नाही.

आपला वाचक,
एक मोबाइल दुरुस्ती दुकानदार,
औसा, जि. लातूर