जकार्ता म्हणजे फक्त विमान बदलायची जागा नाही हो

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंडोनेशियावर पानभर लेख आला, त्यात बालीला तीन रकाने आणि जकार्ताला दोन ओळी, त्या दोन ओळीत पण काय तर ट्रॅफिक भयंकर, मॉल भरपूर, बघण्यासारखं काही नाही, एक रात्र मुक्काम पुरे. वाचून वाईट वाटलं म्हणून लिहायला बसलोय. लेखकाला दोष देत नाहीये, कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा मीपण हेच म्हणत परत आलो होतो. टूरच्या बसने आम्हाला मोनासच्या, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय स्मारकाच्या समोर उतरवलं, फोटोला पंधरा मिनिटं दिली आणि नंतर तीन तास मॉलमध्ये सोडलं. रस्त्यापलीकडेच नॅशनल म्युझियम होतं, तिकडे बोटसुद्धा दाखवलं नाही कुणी.

दुसऱ्या वेळी मुलीची नोकरी तिकडे होती म्हणून आठवडाभर राहिलो, ट्रान्सजकार्ताच्या बसने फिरलो (तिकीट ३५०० रुपिया, बसला वेगळी लेन असते त्यामुळे ट्रॅफिकचा एवढा त्रास होत नाही), आणि तेव्हा कळलं की आपण काय सोडून आलो होतो.

आधी म्युझियमबद्दलच सांगतो कारण तिथेच माझे दोन दिवस गेले. दारात एक छोटा ब्राँझचा हत्ती आहे, सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे राजे चुलालाँगकॉर्न १८७१ मध्ये भेटीला आले होते त्यांनी दिलेला, त्यावरून लोक या इमारतीला गेदुंग गजा म्हणतात, गजा म्हणजे आपला गजच. २०२३ मध्ये इथे आग लागली होती, दुरुस्ती होऊन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये परत उघडलं. तर या म्युझियमच्या संग्रहात एक दगड आहे, अंड्याच्या आकाराचा, पाच ओळी कोरलेल्या, उत्तर जकार्तातल्या तुगू गावात सापडला म्हणून त्याला तुगूचा शिलालेख म्हणतात. पाचव्या शतकातला, लिपी पल्लव, भाषा संस्कृत, राजा पूर्णवर्मन. आणि त्यात लिहिलंय काय, तर आधी चंद्रभागा नदी खोदून समुद्राला नेली होती, आणि आता राजाने राज्याच्या २२ व्या वर्षी गोमती नावाचा ६१२२ धनुष्य लांबीचा कालवा काढला आणि ब्राह्मणांना १००० गायी दिल्या.

चंद्रभागा! मी तिथे उभा राहिलो आणि हातच जोडले गेले. ती पंढरीची चंद्रभागा नाही हे मलाही कळतं, पंजाबातल्या चिनाबचं जुनं नावपण चंद्रभागाच आणि बहुतेक तिच्यावरूनच घेतलं असेल, पण आषाढीला ज्या नावाने जीव गलबलतो ते नाव समुद्रापार दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या कालव्याला दिलंय हे वाचून मराठी माणसाला काय वाटेल सांगा. अजून एक गंमत बघा. काम फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू झालं आणि चैत्र शुद्ध त्रयोदशीला संपलं, २१ दिवसात, असं त्या दगडावर आहे. मी बोटं मोजली. वद्य अष्टमी ते अमावस्या आठ दिवस आणि पुढे तेरा, बरोबर २१. म्हणजे महिना अमावस्येला संपवायची पद्धत, आपल्या कालनिर्णयात असते तीच, उत्तर भारतातली पौर्णिमेला महिना संपवायची पद्धत धरली तर हा हिशोब जुळतच नाही. आणि विषय कुठला, तर पाण्याला वाट काढून देण्याचा, जो या शहराला आजही सुटलेला नाही, पावसाळ्यात पूर येतो आणि उत्तरेकडची जमीन खचत चाललीय. हे सगळं एका दगडात, आणि आम्ही समोरच्या फूटपाथवर सेल्फी काढत होतो!

तिथेच बोर्निओतल्या कुताईचे यूप पण आहेत, मूलवर्मन राजाने यज्ञाच्या वेळी उभारलेले दगडी खांब, साधारण इसवी सन ४०० चे, इंडोनेशियातलं सगळ्यात जुनं लिखाण म्हणून ते ओळखलं जातं. आणि पूर्व जावातल्या सिंगासारीची प्रज्ञापारमिता, म्हणजे बौद्धांची ज्ञानाची देवी, जी डचांनी नेली होती आणि १९७८ मध्ये परत केली. डोळे मिटून बसलेली ती मूर्ती बघून माझी बायको अर्धा तास हललीच नाही.

आता जो मुद्दा मला खरा मांडायचाय तो. आपली माणसं तिकडे गेली की एकच वाक्य बोलतात, "हे सगळं आपलंच आहे की." मीपण बोललोय. रस्त्याचं नाव गजा माडा (जुन्या मजापहित राज्याचा पंतप्रधान), लेडीज टॉयलेटच्या दारावर वनिता, नवऱ्याला सुआमी आणि बायकोला इस्त्री म्हणतात, मोठ्या चौकात अर्जुन आणि कृष्णाचा रथ (न्योमान नुआर्ता या शिल्पकाराने १९८७ मध्ये केलेला), मग माणूस म्हणणारच. पण "आपलंच आहे" म्हटलं की बघणं थांबतं हो, कारण जे आपल्याला माहीतच आहे ते परत काय बघायचं! आणि खरी मजा तर तिथेच आहे, जिथे ते आपल्यासारखं नाही.

जुन्या शहरात, कोता तुआमध्ये, फाताहिल्ला चौकात वायांग म्युझियम आहे. वायांग कुलित म्हणजे म्हशीच्या चामड्याच्या नक्षीदार बाहुल्या, पडद्यावर त्यांची सावली पडते, आपल्याकडे पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या नाचवतात त्याच जातीचा खेळ. सगळी पात्रं एकटा दालांग नाचवतो, सगळे आवाज त्याचेच, मागे गामेलानचं, म्हणजे त्यांच्या घंटा-झांजांच्या वाद्यवृंदाचं वादन, आणि पूर्ण प्रयोग रात्रभर चालतो. युनेस्कोने २००३ मध्ये वायांगला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा अजोड नमुना म्हणून जाहीर केलं. कथा बहुतेक महाभारताची, पण जावाचं, म्हणजे जकार्ता ज्या बेटावर आहे तिथलं महाभारत वेगळं. तिथे द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको. शिखंडी तिथे श्रीकांडी, सरळ सरळ स्त्री, अर्जुनाकडून धनुर्विद्या शिकते, त्याची बायको होते आणि युद्धात भीष्मावर बाण सोडते. आपल्याकडे शिखंडी म्हटलं की तोंड वाकडं करून बोलतात आणि तिकडे कर्तबगार बाईला श्रीकांडी म्हणतात, कौतुकाने. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाला पहिलंवहिलं पदक मिळालं ते महिलांच्या तिरंदाजी टीमला, आणि देशाने त्या तिघींना श्रीकांडीच म्हटलं. मला हे ऐकून काटा आला अंगावर.

आणि सेमार! हा तर आपल्या महाभारतात नाहीच. पोट सुटलेला, म्हातारा, पांडवांचा नोकर, सोबत त्याची तीन पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग. ही चौकडी आली की लोक हसून हसून लोळतात. पण हा सेमार मुळात देव आहे, बतारा गुरूचा म्हणजे शंकराचा थोरला भाऊ, आणि राजा चुकला तर त्याला तोंडावर सुनवायचा अधिकार फक्त याला. कथा आपल्याकडून गेली असेल पण तिच्यात सगळ्यात शहाणा माणूस नोकर ठेवावा हे त्यांना सुचलं, त्याचं श्रेय त्यांचं. आणि हे जपणारे बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, कित्येक दालांग नमाज पढून पडद्यामागे बसतात, त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही. सेनेन भागात भारता नावाचं थिएटर आहे, तिथे माणसंच मुकुट घालून हे खेळ करतात, वायांग ओरांग म्हणतात त्याला. भाषा जावानीज, एक शब्द कळला नाही, पण पात्र आत आलं की चालण्यावरूनच ओळखू येतं कोण कोण ते.

बाकीचं पटकन सांगतो. मोनास १३२ मीटर उंच, वर जायला रांग मोठी, सकाळी लवकर जा. इस्तिकलाल मशीद जरूर बघा, आतून फिरवतात, १९७८ मध्ये उद्घाटन झालं आणि आर्किटेक्ट फ्रीडरिख सिलाबान हे ख्रिश्चन होते, समोर रस्त्यापलीकडे १९०१ चं कॅथेड्रल आणि दोन्हींना जोडणारा भुयारी रस्ता आहे, २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस पण येऊन गेले तिथे. कोता तुआतला डचांचा जुना टाऊन हॉल आता शहराचं म्युझियम आहे, त्याच्या तळघरातल्या कोठड्या इतक्या बुटक्या की वाकूनच जावं लागतं, कैदी कसे राहिले असतील या विचाराने मला तिथे थांबवेना. तिथून सुंदा केलापा बंदर जवळ, लाकडी पिनिसी जहाजं ओळीने लागलेली असतात, अजून माल वाहतात. १५२७ मध्ये याच बंदराचं नाव जयकर्ता झालं, विजय मिळाला म्हणून, आणि त्यावरूनच आजचं जकार्ता. डचांनी मध्ये तीनशे वर्षं बटाविया म्हणायला लावलं तरी लोकांनी जुनं नाव परत आणलंच.

आता राजधानी बोर्निओत नुसंतारा नावाच्या नव्या शहरात न्यायचं ठरलंय म्हणून टूरवाले जकार्ताला अजूनच वगळतील अशी भीती वाटते. पण हा दगड, या बाहुल्या, हे बंदर काही लगेच उठून बोर्निओला जाणार नाहीये.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत जकार्ताला एकदा अख्खं पान द्या, आणि त्यात ठळक चौकटीत छापा की म्युझियमं सोमवारी बंद असतात. आमच्या ओळखीचं एक कुटुंब नेमकं सोमवारीच गेलं, बंद दारं बघून परत आलं आणि आता तेपण सगळ्यांना सांगत फिरतायत की जकार्तात बघण्यासारखं काही नाही.

आपला,
एक जुना वाचक