पोटदुखी खोटी नव्हती

प्रिय सोन्या,

तू झोपलास की हे पत्र तुझ्या कंपासपेटीखाली ठेवणार आहे. समोरासमोर बोलायला बसलो की माझा आवाज चढतो आणि तुझी मान खाली जाते. म्हणून लिहून देतोय.

दिवाळीची सुट्टी संपल्यापासून दर सोमवारी सकाळी तू म्हणायचास, "पप्पा, पोटात दुखालंय." अकराला शाळा भरायची आणि साडेअकराला तू आईकडं पोहे मागायचास. मला तोच पुरावा वाटला. "नाटकं बंद कर" म्हणालो. एकदा तर दंडाला धरून तुला जिन्यापर्यंत ओढत नेलं. त्या दिवशी तू रडला नाहीस. नुसता कठडा घट्ट धरून उभा राहिलास. बोटं पांढरी पडली होती तुझी. लेथवर काम करताना ती बोटं मला मधेच दिसतात, आणि मी मशीन बंद करून बाहेर जाऊन उभा राहतो.

डॉक्टरांनी तुला बाहेर बसवून मला जे सांगितलं, ते तुलाही कळायला हवं. तुझं पोट खरंच दुखत होतं. माणूस घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अॅड्रेनलिन वाढतं, काळीज धडधडतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, पचन मंदावतं आणि पोटात कळ येते. शाळेची वेळ टळली की मेंदूला वाटतं, संकट टळलं. मग कळही थांबते. मी ज्याला खोटेपणाचा पुरावा समजत होतो, ती भीतीचीच खूण होती. पण त्यांनी आणखी एक सांगितलं. घरी राहिल्यावर जेवढं बरं वाटतं, तेवढी दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. म्हणून शाळा कायमची सोडून चालणार नाही, आणि ओढत नेऊनही चालणार नाही.

हे मला तालमीतूनच कळायला हवं होतं. माझा खांदा उखडला होता तेव्हा वस्तादांनी मला महिनाभर आखाड्यात उतरू दिलं नाही. तेल लावून शेकायचं आणि कडेला बसून बाकीच्यांच्या कुस्त्या बघायच्या. मग नुसते हात फिरवायचे, मग थोड्या बैठका, जोर त्यानंतर, आणि कुस्ती सगळ्यात शेवटी. तालमीत एकानंही मला नाटकी म्हटलं नाही, कारण सूज सगळ्यांना दिसत होती.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आपल्या गल्लीत शिरलं, तेव्हा तू एवढासा होतास. "पप्पा, भीती वाटते" म्हणालास आणि मी तुला खांद्यावर घेतलं. वरच्या मजल्यावर रात्रभर तुला मांडीवर घेऊन बसलो होतो. तेव्हा मला तुझी भीती पटली, कारण पाणी मलाही दिसत होतं. या वेळचं पाणी फक्त तुला दिसत होतं रे.

गणिताचे मार्क सगळ्या वर्गासमोर वाचून तुला उभं केलं, पोरं हसली, हे तू आईला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमात शाळेत मुलाला मारायलाही मनाई आहे आणि त्याचा मानसिक छळ करायलाही. मी वर्गशिक्षकांना जाऊन भेटलो, नीट बोलणं झालं. पण त्या कलमात घराचा उल्लेख नाही, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्याच्या पोराचे मार्क आले की जेवणाच्या ताटावर तुला ऐकवणारा मीच होतो. आपल्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत गेलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड होता, पण तो आईबापाला. पोराला नाही. हे मी शाळेत असताना पाठ केलं होतं. त्याचा अर्थ आता कुठं डोक्यात शिरतोय.

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला शेवटची शांत झोप कधी लागली?" मला उत्तर देता आलं नाही. कामाच्या ऑर्डरी कमी झाल्यात, तुझ्या पुढच्या शिक्षणाचं कसं होणार या विचारानं मी तीन-तीनला उठून बसतो. ती धास्ती मी तुझ्या प्रगतिपुस्तकावर काढत होतो. परवा रात्री दीड वाजता मी 14416 ला फोन केला. सरकारची टेलिमानस म्हणून मदतवाहिनी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मी बराच वेळ रडलो. बाप रडला हे तुला सांगताना मला आज लाज वाटत नाही. नंबर फ्रिजवर चिकटवलाय. तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर तिथं बोल.

सोमवारचं ठरलंय तेवढंच करायचं. पहिले दोन तास बसायचं, मग बाहेर यायचं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीय, फाटकासमोर गाडी लावून थांबतो. पोटात दुखलं तर दुखू दे, मला येऊन सांग. दोनाऐवजी एकच तास झाला तरी आपण रंकाळ्यावर चक्कर मारून घरी येऊ. मार्कांबद्दल मी एक शब्द विचारणार नाही.

तुझा,
पप्पा