उंदराच्या औषधाचा सल्ला बिळाशीच का संपतो?

प्रति,
मा. संपादक,
कोल्हापूर.

विषय : उसातील उंदीर आणि अन्नसाखळी

महोदय,
स. न. वि. वि.

उसात उंदीर वाढले की विषारी आमिष कसे तयार करावे आणि कोठे ठेवावे, याचा सल्ला वर्तमानपत्रांच्या कृषिपानांवर अधूनमधून येत असतो. सल्ला चुकीचा नसतो, पण तो बिळाच्या तोंडाशीच संपतो. आमिष खाल्लेला उंदीर पुढे कोणाच्या पोटात जातो, याविषयी त्यात एक ओळही नसते. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर प्रयाग चिखलीच्या बाजूला वडिलोपार्जित दीड एकरात ऊस करतो. त्यामुळे ही गोष्ट फळ्यावरूनही पाहिली आहे आणि बांधावरूनही.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही अन्नसाखळी पाठ नसलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला. बाण मात्र निम्मी मुले उलटे काढत. साप बेडकाला खातो, म्हणून बाण सापाकडून बेडकाकडे, असा त्यांचा सरळ हिशेब असे. बाण खाणाऱ्याचा रोख दाखवत नाही, अन्नातली ऊर्जा कोणाकडे गेली ते दाखवतो, हे समजावण्यात एक तास सहज जाई. पुढचा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही आणि मीही आपण होऊन काढला नाही : प्रत्येक बाणातून ऊर्जा जाते तरी किती?

त्याचे उत्तर शोधण्याचा पाया रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकी संशोधकाने घातला. मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा उथळ तळ्यातील शेवाळापासून माशांपर्यंतच्या जीवसृष्टीचा त्याने काही वर्षे हिशेब मांडला. तो निबंध 1942 मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याआधीच, त्याच वर्षी, वयाच्या 26 व्या वर्षी तो वारला होता. त्याच्या कामातून पुढे रूढ झालेला ठोकताळा असा की, एका पायरीवरील ऊर्जेपैकी साधारण दहा टक्केच वरच्या पायरीच्या शरीरात साठते. बाकीची हालचालीत, श्वसनात व उष्णतेत खर्च होते किंवा न खाल्लेल्या, न पचलेल्या भागांबरोबर कुजवणाऱ्या जीवांच्या वाट्याला जाते (आपण पेटवून देतो ते पाचट म्हणजे बुरशीच्या आणि गांडुळांच्या ताटातले अन्नच). दहा हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे, आणि उंदरासारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांत तर हे प्रमाण त्याहूनही बरेच कमी असते. तरी हिशेबासाठी तो धरला, तर पिकातल्या हजार भाग ऊर्जेतून उंदरात शंभर, धामणीत दहा आणि तिला उचलणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यात एक भाग पोहोचतो. शिवारात उंदीर शेकड्यांनी आणि घुबडाची जोडी एखादीच असते, ती यामुळे.

शिवारातली साखळी अर्थातच पुस्तकासारखी सरळ रेषेत नसते, ती जाळ्यासारखी असते. उंदीर उसाची कांडी बुडाशी कुरतडतो. त्या उंदरावर धामण, नाग, मुंगूस, रानमांजर, कोल्हा, गव्हाणी घुबड आणि हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी कापशी घार, एवढे जण टपलेले असतात. ऊसतोड चालू असताना शेवटच्या चार सऱ्या उरल्या की हे जाळे उघड्या डोळ्यांनी दिसते. कोयत्याच्या आवाजाने उंदीर शेजारच्या फडाकडे पळत सुटतात, वर घारी घिरट्या घालू लागतात आणि गायबगळे मजुरांच्या पायाजवळ येऊन उडणारे किडे टिपतात.

आमच्या रानाजवळ एक पडके गुऱ्हाळघर आहे. त्याच्या आढ्याला गव्हाणी घुबडाची जोडी राहत असे. घुबड उंदीर सहसा सगळाच गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून ओकून टाकते. अंगठ्याएवढ्या, काळपट, सुकल्यावर शेणाच्या गोवरीसारख्या हलक्या लागणाऱ्या अशा दहाबारा गोळ्या मी एकदा शाळेत नेल्या होत्या आणि मुलांनी त्या कोमट पाण्यात भिजवून टाचणीने सोडवल्या. एकाच गोळीत तीन कवट्या निघाल्या. नारिंगी रंगाचे पुढचे दात जसेच्या तसे होते. त्या दिवसानंतर घुबडाला अपशकुनी म्हणणारी मुले माझ्या वर्गात तरी उरली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आसपासच्या फडांत विषारी आमिष पडले आणि आठवड्याभरात त्या जोडीतले एक घुबड गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी मरून पडलेले सापडले. त्याची तपासणी झाली नाही, त्यामुळे ते विषानेच मेले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंद होत, उघड्यावर रेंगाळत राहतो, म्हणजे शिकाऱ्याला सर्वांत सोपा सापडतो, आणि विष तोवर त्याच्या यकृतात साठलेले असते. झिंक फॉस्फाइडचे तसे नाही. ते काही तासांत मारते आणि उंदराच्या अंगात फारसे साठून राहत नाही, मात्र मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेले आमिष शिल्लक असेल तर धोका तिथेही आहेच.

यात उंदराचा तोटा सर्वांत कमी होतो, ही खरी गोम आहे. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते आणि वर्षातून अनेकदा विते, तर धामण वर्षाकाठी बहुधा एकदाच, दहापंधरा अंडी घालते. इटालियन गणिती व्हितो व्होल्टेरा यांनी 1926 मध्ये हाच पेच गणितात मांडला. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत मुशी, पाकट अशा शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले होते. त्याची उकल करताना त्यांनी दाखवले की शिकार आणि शिकारी दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारत राहिले, तर सरासरीने शिकारी घटतात आणि शिकार वाढते. आपल्या फडात उंदीर म्हणजे शिकार. विष टाकून आपण पुढच्या हंगामाच्या उंदरांचीच सोय करून ठेवतो की काय, असा प्रश्न मला त्यामुळे पडतो.

विष कधीच वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. उभा फड कुरतडला जात असताना शेतकऱ्याला तत्त्वज्ञान सांगणे सोपे असते. परंतु सल्ल्यासोबत काही गोष्टी छापता येतील. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढ्यांतच आमिष आतवर सारून तोंड बंद करावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. नव्या लावणीत इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे रोवावेत (ऊस डोक्यावर गेल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, हेही सांगावे). धामण दिसली तर काठी शोधण्याआधी तिला बांधावरून जाऊ द्यावे. ती बिनविषारी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे.

उंदीर नियंत्रणाचा पुढचा लेख आपण छापाल, तेव्हा त्यात या चार-पाच ओळींना जागा द्यावी, ही विनंती. गुऱ्हाळातले उरलेले घुबड अद्याप एकटेच आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर