ज्यांची नावं ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

आईचा बीसीआर-एबीएलचा, म्हणजे आजार किती आटोक्यात आहे ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट यंदाही छान आला. तिला सीएमएल, म्हणजे एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग आहे. रोज जेवणासोबत इमॅटिनिबची गोळी घेते आणि लगेच भाजी निवडायला बसते.

१९६० साली फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३मध्ये कळलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय. त्यातून बनणारं प्रथिन पेशींना वाढवतच राहतं. ही गोळी नेमकं तेच अडवते.

शोधकर्त्यांची नावं पुस्तकांत आहेत. पण प्रयोगशाळेत पेशींच्या काचपट्ट्या रंगवणारे, सुट्टीच्या दिवशीही पेशींना खाद्य घालणारे तंत्रज्ञ, तुमचे मनापासून आभार. आणि १९९८मध्ये, गुण येईल की नाही ठाऊक नसताना, पहिल्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्या रुग्णांनो, तुमचे सर्वांत जास्त.