पंचनामा झाल्यावर घरी कोण येतं? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंबकल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आत्महत्येने गेलेल्या माणसाचं पोस्टमॉर्टेम सहसा रात्री करत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या आणि संशयास्पद मृत्यू त्यातून वगळले. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच सूट. पुराव्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. मात्र त्यामुळे होतं असं, की संध्याकाळी पोर गेलं तर त्याचे काका, मामा, कधी कधी खुद्द वडील रात्रभर सरकारी रुग्णालयात शवागाराबाहेरच्या बाकड्यावर बसून राहतात. त्यांना कुठे जायचं नसतं, काही करायचं नसतं. आणि त्या अख्ख्या रात्रीत सरकार त्यांच्याशी एवढंच बोलतं: "नातेवाईक कोण? इथं सही करा."

आमच्या घरच्या सह्या मी केल्या. मी मामा. असल्या वेळी आपल्याकडे मामालाच पुढे व्हावं लागतं, कारण आईबाप उभे राहण्याच्या स्थितीत नसतात. भाचा एकोणीस वर्षांचा होता, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कसं आणि कुठे झालं ते इथे लिहिणार नाही. का झालं तेही नाही, कारण मला ते माहीत नाही. आणि ज्यांना ते एका वाक्यात माहीत असतं अशा लोकांपासून मी आता लांबच राहतो. आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा असले तपशील देऊ नयेत, बातमी भडक करू नये, असं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. आमच्या घरची बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्या तपशिलांसकट छापून आली. कॉलेजच्या वयाची धाकटी बहीण घरात आहे, तीही पेपर वाचते, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

पत्र पोलीस खात्याच्या मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय, त्याला कारण आहे. पोलिसांविषयी माझी मोठी तक्रार नाही. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, हवालदारांनी जागेचा पंचनामा केला, जबाब घेतले, "कुणावर संशय आहे का?" हे विचारलं. विचारावंच लागतं. माणूस भला होता, माझ्या मेव्हण्यांना, म्हणजे आमच्या दाजींना, त्याने स्वतः पाणी आणून दिलं. पण त्याचं काम मेलेल्याविषयी होतं. कॉलमही तसेच: वय, उंची, अंगावरचे कपडे, सोबतच्या वस्तू. मागे कोण राहिलं आणि त्यांचं काय चाललंय, याला त्या कागदावर जागा नाही, आणि ती पोलिसांच्या कागदावर असावी असं मी म्हणतही नाही. ती तुमच्या कागदावर हवी.

पुढे जे होतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि त्याच्या अहवालाला महिनोन्‌महिने लागतात. तोवर मृत्यूचं कारण 'राखीव'. पोराचा मोबाइल मुद्देमालात जातो. त्यात त्याचे फोटो, आवाज, बहिणीसोबतचे व्हिडिओ. तो सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो, हे आम्हाला एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं. ज्यांच्या ओळखीत वकील नाही त्यांना कोण सांगतं? हॉस्टेलचं सामान न्यायला गेलो तर 'नो ड्यूज', म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, आणा म्हणाले. आणि कॉलेजच्या संगणकातून दाजींच्या फोनवर एसएमएस येत राहिले: आपला पाल्य आज गैरहजर आहे. सत्र संपेपर्यंत येत राहिले. दाजींनी ते मला कधी दाखवले नाहीत. त्यांचा फोन दुरुस्तीला दिला तेव्हा मला दिसले.

घरातलं दुःख कसं असतं हे मंत्र्यांना सांगायची गरज नसावी. तुमच्याही घरात कुणी ना कुणी गेलं असेल. या दुःखाला मात्र आणखी एक पदर असतो. ताई रोज शेवटच्या फोनचा हिशेब करते. काय बोलला, काय नाही बोलला, आपण घाईत ठेवला का. अपघातात पोर गेलेल्या आईलाही प्रश्न पडतातच, पण लोक तिच्यापाशी बसतात. आमच्याकडे लोक आले, बसले, आणि परत जाताना फाटकापाशी थांबून एकमेकांना कारण विचारत राहिले. दहाव्याला एकाने दाजींना बाजूला घेऊन, मुलीचं स्थळ बघताना हे सांगू नका, असा सल्ला दिला. माणूस हितचिंतकच! दुसऱ्याने त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करायला सांगितलं. माझा असल्या विधींवर विश्वास नाही, पण ताईला जायचं होतं, आम्ही गेलो, आणि परतताना ती गाडीत बऱ्याच दिवसांनी झोपली. तेव्हा मी गप्प बसलो. माणसाला काहीतरी करायला हवं असतं. विज्ञानाने आणि सरकारने तिच्या हातात काहीच ठेवलं नव्हतं, भटजींनी निदान एक तारीख तरी दिली होती.

भाचीचं वेगळंच. आई रडते म्हणून ती रडत नाही. पहिल्या भाऊबीजेला तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि नंतर म्हणाली, मामा, मला त्याचा राग येतो, हे कुणाला सांगू? हा राग येणं नेहमीचं आहे, त्यात पाप नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. ते मला बऱ्याच उशिरा, तीन जिल्हे ओलांडून भेटलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडून कळलं.

आणि त्याचे खोलीतले मित्र. त्याला सगळ्यात आधी त्यांनीच पाहिलं. ती दोन पोरं, वयाने त्याच्याएवढीच, पोलीस ठाण्यात जबाब देऊन आपापल्या गावी गेली. एक विदर्भात, एक कोकणात. कायद्याच्या लेखी ते साक्षीदार, आरोग्य खात्याच्या लेखी कुणीच नाहीत. एकाने पुढची परीक्षा दिली नाही. हे मला ठाऊक आहे, कारण त्याची आई अधूनमधून ताईला फोन करते. जिचं पोर जिवंत आहे ती, जिचं गेलंय तिला विचारते, याच्याशी काय बोलू?

आता थोडे आकडे, कारण मंत्रालयात आकड्यांशिवाय कागद हलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या २२,७४६ आपल्या राज्यात, देशात सर्वाधिक. विद्यार्थ्यांच्या १३,०४४, त्यांतही १,७६४ घेऊन आपणच पहिले. घरटी फक्त पाच माणसं धरली तरी एका वर्षात राज्यातले एक लाख तेरा हजारांहून जास्त लोक ताईच्या, दाजींच्या, भाचीच्या जागी येऊन बसले. मित्र, शिक्षक, शेजारी यात धरलेले नाहीत. अमेरिकेतल्या संशोधकांनी ते सगळे धरून, प्रत्येक आत्महत्या सुमारे १३५ ओळखीच्यांपर्यंत पोहोचते असा अंदाज २०१८ मध्ये मांडला.

ही माणसं नुसती दुःखी नाहीत, धोक्यात आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ३,४३२ तरुणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. जवळचं माणूस आत्महत्येने गमावलेल्यांत स्वतः तसा प्रयत्न करण्याची शक्यता, अचानक पण नैसर्गिक कारणाने माणूस गमावलेल्यांपेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त दिसली. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं लक्ष्य आहे. मग सगळ्यात जास्त जोखीम कुठे आहे हे ज्या घरांबाबत आपल्याला पत्त्यासकट माहीत आहे, तिथूनच सुरुवात का करू नये? त्या पत्त्यांची यादी तुमच्याच रुग्णालयांच्या पोस्टमॉर्टेम नोंदवहीत असते.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांच्या दाव्यावर निकाल देताना, देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. समुपदेशक नेमा, शिक्षकांना प्रशिक्षण द्या, हेल्पलाइनचे नंबर लावा. हे व्हायलाच हवं, आणि आधी व्हायला हवं. पण हा लढा त्या वडिलांनी आपली मुलगी गेल्यावर लढला, हे विसरू नये. त्या काळात त्यांच्याकडे कोण बघत होतं?

मी जे मागतोय ते जगावेगळं नाही. जपानच्या २००६ च्या आत्महत्याविषयक कायद्यात मागे राहिलेल्या कुटुंबांना आधार देणं लिहिलेलंच आहे. ऑस्ट्रेलियात २००२ पासून अशा घरांकडे आपणहून जाणारी सेवा आहे. आणि परदेशात जायचीही गरज नाही. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपल्याच खात्याने २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प आणला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारतात आणि नैराश्याची लक्षणं दिसली तर पुढे पाठवतात. रस्ता तयार आहे. शेतकऱ्याच्या घरी निदान तलाठी तरी जातो, जरी तो घर मदतीला पात्र की अपात्र हे ठरवायला जात असला तरी. विद्यार्थी गेला त्या घरी पंचनाम्यानंतर कुणीच जात नाही.

तर मागणं. पहिलं त्या रात्रीचं. शवागाराबाहेर बसलेल्या माणसाच्या हातात मराठीतलं एक पान द्यावं. कुठले कागद लागतील, अहवाल कधी येईल, मोबाइल परत कसा मिळतो, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. पोस्टमॉर्टेम आणि चौकशी कायद्याने करावीच लागते, तिचा अर्थ घरच्यांवर आरोप असा नाही. लहान भावंडांना खोटं सांगू नका, सोप्या शब्दांत खरं सांगा. अपराधी वाटेल, राग येईल, काही दिवस काहीच वाटणार नाही, हे सगळं अशा दुःखात होतं. आणि तुम्हालाच जगणं नको वाटू लागलं तर १४४१६ वर कुठल्याही वेळी फोन करा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे. ते पान देणाऱ्याने दोन मिनिटं शेजारी बसावं. सिस्टर असो, समाजसेवा अधीक्षक असो, कुणीही चालेल, फक्त घाईत नको.

दुसरं, आणि माझ्या मते खरं महत्त्वाचं. १४४१६ चा नंबर भिंतीवर लावून भागणार नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे, चांगली आहे, पण अंथरुणातून न उठणारी बाई नंबर शोधून फोन लावत नाही. फोन तिला यायला हवा. घरच्यांची संमती त्याच रात्री किंवा नंतर घ्या, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या कुणीतरी पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी, वर्षश्राद्धाच्या आसपास फोन करावा, जमलं तर घरी जावं. दहाव्या-तेराव्यापर्यंत माणसं असतात. त्यानंतरच्या दिवसांत कुणी नसतं, आणि पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस, बारावी किंवा पदवीचा निकाल त्या दिवसांतच येतो. साक्षीदार म्हणून ज्या पोरांचे जबाब झाले त्यांनाही याच यादीत घ्या, मग ते राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यात असोत.

तिसरी मागणी एका खोलीची. दुसऱ्या तालुक्यातल्या, मुलगी गमावलेल्या एक बाई कुणाकडून तरी कळून ताईला भेटायला आल्या. दोघी दुपारभर बसल्या. मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्या दोघी चक्क पोरांच्या खोड्या सांगत होत्या, हसत होत्या. इतके दिवस आम्ही सगळे त्याचं नावही जपून घेत होतो. तेव्हापासून आमच्या भागातली अशी काही घरं महिन्यातून एका रविवारी गावच्या वाचनालयात जमतात. 'का' विचारायचं नाही, प्रवचन द्यायचं नाही, एवढेच नियम. पुरुष मागाहून येतात, पाऊस आणि बाजारभावांबद्दल बोलतात, आणि एखाद्या वेळी जाताना जिन्यात बोलून जातात. चेन्नईत 'स्नेहा' आणि पुण्यात 'कनेक्टिंग' या संस्था असल्या कामात आहेत, पण तालुक्याच्या माणसाला पुणं लांब पडतं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रविवारी ओपीडी रिकामीच असते. त्यातली एक खोली, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि पंचवीस-तीस खुर्च्या. मला यात मोठा खर्च दिसत नाही. असेल तर आकडा कळवावा.

नुकसानभरपाई मागत नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण असं पत्र वाचून फाइलवर आधी तोच शेरा पडतो.

त्या एका पानाचा मजकूर आमच्या रविवारच्या बैठकीत आम्ही लिहून काढला आहे. दोनदा बदलला, एका डॉक्टरांनी आणि एका वकिलांनी तपासला. बहुतेक वाक्यं ताईची आहेत. कुठला शब्द त्या रात्री सहन होईल आणि कुठला नाही, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या कार्यालयाने वेळ दिली तर आम्ही चार-पाच जण तो घेऊन मंत्रालयात येऊ. पावसाळी अधिवेशनाच्या आधी जमलं तर बरं, कारण दहावी-बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल त्याच सुमारास लागलेले असतात.

कळावे,
आपला नम्र,
एक मामा