औषधाच्या डब्यावर तारीख असते, सॉफ्टवेअरच्या बिलावर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऐन मार्चअखेरीस आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवरचा संगणक बसला. नवा आणला, तो विंडोज 11 चा. त्यावर आमचं कर्ज-ठेवींचं सॉफ्टवेअर उघडेचना. कंपनीला फोन लावला, तर तिकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, ते व्हर्जन बंद झालं. नवीन घ्या. जुना डेटा चढवायचे पैसे वेगळे." शेजारी बसलेले आमचे अध्यक्ष उखडलेच. "दरवर्षी पैसे भरतो ना आपण त्याले? मंग बंद काहाले केलं म्हणते?"

पैसे भरत होतो हे खरं. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, पावत्या फायलीला ओळीनं लागल्या आहेत. त्या दिवशी मी करारपत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं, हे कबूल करायला लाज वाटते. फोनवर मदत, वर्षातून दोन भेटी, रिपोर्टचा नमुना बदलला तर करून देणे, एवढंच त्यात होतं. ज्या डेटाबेसवर सगळी खाती उभी आहेत, त्याचा उल्लेखही नाही. तो निघाला एसक्यूएल सर्व्हर 2008. मायक्रोसॉफ्टनं त्याचे पॅच, ठिगळच म्हणा, 9 जुलै 2019 पासून बंद केले. त्यानंतरची प्रत्येक एएमसी आम्ही झुलीसाठी भरली, बैल केव्हाच बसला होता.

बरं, ही तारीख कुणी लपवलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अशा मालाचा हिशेब साधारण दहा वर्षांचा असतो. पहिली पाच वर्षं सुधारणा आणि दुरुस्त्या, पुढची पाच फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. विंडोज 7 असंच 14 जानेवारी 2020 ला थांबलं, विंडोज 10 हे 14 ऑक्टोबर 2025 ला. आम्ही सॉफ्टवेअर घेतलं 2014 च्या दिवाळीत, आणि या डेटाबेसचा पहिला टप्पा संपला होता त्याच वर्षीच्या 8 जुलैला. थोडक्यात, दुकानदारानं अर्धं आयुष्य सरलेला माल दिला आणि आम्ही पेढे वाटले.

संचालकांच्या सभेत एकानं विचारलं, प्रोग्राम काय वखराच्या पाशीसारखा झिजतो का? प्रश्न चुकीचा नाही. प्रोग्राम झिजत नाही. पण कापूसवाल्यांना हे समजावायला फार बोलावं लागलं नाही. बोलगार्ड 2 या बीटी कापसाच्या बियाण्याला 2006 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा त्यात गुलाबी बोंडअळीला आवर घालायची ताकद होती. 2017 च्या हंगामात त्याच बीटीची बोंडं फोडली तर आत अळी. बियाणं तेच होतं, अळी बदलली होती. संगणकाचंही तसंच. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले. त्याच्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण ज्यांनी तो टाकला नाही ते अडकले. विंडोज एक्सपीची मुदत तर 2014 मध्येच संपलेली. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं तेव्हा अपवाद म्हणून पॅच काढला. अशा अपवादाच्या भरवशावर ठेवीदारांचे पैसे ठेवता येत नाहीत.

कंपन्यांनी जन्मभर जुनं सांभाळावं, असं माझं म्हणणं नाही. तेही परवडायला हवं. आणि विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकलं की सुटलो, असं सांगणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या तरुण मित्रांनी सेंटओएस 8 या लिनक्सच्याच एका प्रकाराचं काय झालं ते पाहावं: 2029 पर्यंत चालेल म्हणून लोकांनी बसवलं, डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं की 2021 च्या शेवटी बंद. विंडोज 10 साठी संस्थांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं पॅच घेता येतात, पण पहिल्या वर्षी एका संगणकाला 61 डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. वेळ विकत घ्यायला ठीक, सवय लावून घ्यायला नाही.

माझं गाऱ्हाणं आमच्यासारख्या खरेदीदारांबद्दलच आहे. कीटकनाशकाचा डबा घेताना आपला शेतकरी तारीख पाहतो. संस्थेसाठी सॉफ्टवेअर घेताना मात्र तीन दरपत्रकं मागवायची, सर्वांत कमी आकडा पाहायचा आणि ठराव लिहायचा. लेखापरीक्षक दरवर्षी येऊन खुर्च्या मोजतात. सॉफ्टवेअर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे खुर्च्या-टेबलांच्या यादीत, एका ओळीत, घसारा लावून पडलेलं असतं. ते कोणत्या डेटाबेसवर चालतं, त्याला पॅच कधीपर्यंत मिळणार आणि कंपनीनं हात वर केले तर आमचा डेटा दुसऱ्याला वाचता येईल अशा स्वरूपात परत देणार का, हे सहकार खात्यानं लेखापरीक्षणाच्या नमुन्यातच विचारावं. छोट्या संस्थांना आपणहून सुचत नाही. आम्हाला बारा वर्षांत सुचलं नाही.

या वेळी दरपत्रक मागताना आम्ही हे तिन्ही प्रश्न लिहून पाठवले. एकानं तारखेसह उत्तर दिलं, दर थोडा जास्त आहे. दुसऱ्यानं फोनवर सांगितलं, "असं कोणी विचारत नाही साहेब." तिसऱ्याचं दरपत्रक अजून यायचं आहे.

आपला,
एका पतसंस्थेचा व्यवस्थापक
ता. आर्णी, जि. यवतमाळ