इथलं काम पुढे चालू ठेवतेय

ती. आई-बाबा,

फोनवर हा विषय काढायला गेले की आई, तू "जेवलीस का?" विचारतेस आणि सगळं तिथेच राहतं. म्हणून लिहितेय. परत येऊन नोकरी धरायचं तूर्त नाही. प्रयोगशाळेला होकार कळवून टाकलाय. दादाच्या वेळचं मला आठवतंय, पण हे तसं नाही.

बाबा, तुम्ही फळ्यावर ती टेकडी काढायचात ना, रेणूंना पलीकडे जायचं, म्हणजे अभिक्रिया व्हायची, तर माथ्यापर्यंत चढण्याइतकी ऊर्जा हवीच म्हणून? बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण हायड्रोजन इतका हलका, की कधीकधी माथा न गाठताच आरपार निघतो. टनेलिंग म्हणतात ते हेच. 2008 साली हायड्रॉक्सिमिथिलीन नावाचं एक संयुग आरगॉनमध्ये 11 केल्विनला, म्हणजे उणे 262 अंशांना गोठवून ठेवलं होतं. त्या थंडीत चढायची सोयच नाही. तरी हायड्रोजन आरपार जाऊन दर दोन तासांनी त्यातलं निम्मं फॉर्माल्डिहाइड होत गेलं! ऑक्सिजनवरच्या हायड्रोजनच्या जागी त्याचंच दुप्पट जड रूप, ड्युटेरियम, घातलं, तर रेणू जागचा हलेना.

हे फक्त थंडीतलं नाही. सोयाबीनमधल्या लिपॉक्सिजनेज या एन्झाइमचा वेग ड्युटेरियम घातल्यावर साध्या तापमानालाही सुमारे 80 पट घटतो. टनेलिंग नसतं तर सात-आठ पटींवर भागलं असतं. एन्झाइमची स्वतःची हालचाल हायड्रोजनला यात किती मदत करते, यावर अजून वाद आहेत, आणि माझं काम नेमकं तेच आहे. आत्ता उठून आले तर हातातलं अर्धवट राहील.

आई, "याचा कुणाला उपयोग?" म्हणशील. हंटिंग्टन रोगातल्या अनैच्छिक हालचालींवरचं ड्युटेट्राबेनाझिन 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे. क्वांटम नियमांमुळे ड्युटेरियमचा कार्बनशी असलेला बंध तुटायला जड जातो, म्हणून औषध शरीरात जास्त टिकतं. (टनेलिंगशी याचा थेट संबंध नाही, बाबा टोकतीलच.)

माझी काळजी नको. खोली उबदार आहे, झोप होते, रात्री एकटी परतत नाही. परवा डोकं दुखत होतं तेव्हा मात्र कपाळावर तुझा हात हवा होता, एवढी मोठी झाले तरी.

आता ऐका. बाबा, स्टुलावर चढून बल्ब बदलायचा नाही, म्हणजे नाही. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यातच काढ आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, दादाला नको, तो लपवतो.

तुमची,
छकुली